फोरमनच्या हाताखाली

४ फेब्रुवारी

वन्सं,

पायांवर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण तुम्ही पाय मागे घेतलेत तर माझी पंचाईत व्हायची, म्हणून दुरूनच नमस्कार. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही बोलत नाही. पत्र तुम्ही फाडाल, पण वाचल्याशिवाय फाडणार नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

त्या दिवशी दुकानात तुम्ही वाढलेल्या ताटावरून उठून गेलात. "माझ्या भावाला काचेमागे बसवून रस्त्याला दाखवतेस? कॉन्व्हेंटात हेच शिकलीस का?" असं म्हणालात. शेजारचा औषधवाला ऐकत होता, म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. दुकानाला काच आहे ती आधीच्या चष्मेवाल्याने लावलेली. मी दोनदा पडदा लावला. ह्यांनी दोन्हीदा काढला. सुई ओवायला उजेड लागतो म्हणाले.

"हे काय तुझं धंदा काढायचं वय आहे?" असंही तुम्ही विचारलंत. नाही. साठी उलटल्यावर माणसं दुकानं बंद करतात.

प्रेस बंद झाल्यावर काही वर्षं हे बरे होते, ते तुम्ही पाहिलंत. गेल्या वर्षी एक दिवस सकाळी उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "डबा कुठे आहे?" मला वाटलं चेष्टा करतात. डबा दिला. हे चालत प्रेसवर गेले. तिथे आता फरशांचं मोठं दालन आहे, दारात गणवेशातला पहारेकरी. तो जुना माणूस, ह्यांना ओळखायचा. "या फोरमनसाहेब" म्हणून स्टूल द्यायचा. हे स्टुलावर बसून डबा खायचे आणि दुपारी घरी यायचे. मी रस्त्याच्या पलीकडे थांबायची. म्हटलं, चालू दे. चालणं होतं, ऊन मिळतं.

मग पहारेकरी बदलला. नव्या पहारेकऱ्याने ह्यांना दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली आणलं. पडले नाहीत. डबा पडला. वन्सं, तुमचा भाऊ खाली बसून लोकांच्या पायांमधून डब्याची झाकणं गोळा करत होता, आणि प्रत्येकाला "माफ करा, माफ करा" म्हणत होता. ज्याच्या एका खाकरण्याने अख्खं बाइंडिंग खातं सरळ व्हायचं, तो माणूस.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना सकाळी जायला स्वतःची एक जागा हवी. परवाना काढायला गेले तर तिथल्या कारकुनाने विचारलं, "धंद्याचा उद्देश काय?" मी म्हटलं, "माणसाला रोज जायला जागा." त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं, पुस्तकबांधणी.

पहिल्या दिवशी ह्यांनी घड्याळ काढून खणात ठेवलं, बाह्या वर केल्या, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावरून हात फिरवला. प्रेसचाच जुना शिकंजा, भंगारवाल्याकडे मिळाला. दांड्याला ह्यांच्याच हाताने गुंडाळलेलं कापड अजून होतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आज काय काम आहे?" असा आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

काम भरपूर आहे. तुमचा भाऊ आनंदात आहे. संध्याकाळी घरी जरा कंटाळतात, एवढंच. तुमची आठवण काढतात.

तुमची भावजय


२१ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. नसू दे. तुमचा राग दीर्घायुषी आहे. आमच्या लग्नात पाहुण्यांना सरबत कमी पडलं, तो अजून जिवंत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, काम भरपूर आहे. तसं नाही. काम एकच आहे. एकच पुस्तक.

दुकान उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, गल्लीतली माणसं फाटकी पुस्तकं घेऊन येतील. कुणी आलं नाही. हल्ली पुस्तक फाटलं तर टाकतात, आणि बहुतेक ते फाटण्याइतकं वाचलंच जात नाही. औषधवाला एकदा म्हणाला, "मावशी, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक एकच दिसतं, आणि तेही काउंटरच्या आतल्या बाजूला." बरा आहे तो पोरगा, नुसती जीभ तुमच्या माहेरची.

तेव्हा पहिल्या दिवशी "आज काय काम आहे" असं विचारल्यावर मी घरून आणलेलं माझं बक्षिसाचं पुस्तक पुढे केलं. शाळेत सुंदर हस्ताक्षरासाठी मिळालेलं. निळ्या कापडाचं, जाडजूड, सोनेरी कडांचं. कणा सुटला होता. ह्यांनी ते हातात तोललं, वास घेतला, म्हणाले, "कुणी केली होती ही बांधणी? हात धुऊन केली असती तर बरं झालं असतं."

मग दिवसभर शिवत बसले. तुम्हाला आठवत असेल, सोळा पानांची एक घडी, तिला हे फर्मा म्हणतात. फर्म्यावर फर्मा ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने कण्यातून शिवत जायचं. टाका मारताना ओठांचा चंबू करायचे, तसाच अजून करतात. संध्याकाळपर्यंत पुस्तक उभं राहिलं. शिकंज्यात घातलं, हात पुसले, घड्याळ लावलं. इतके शांत होते, वन्सं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले, बाह्या वर केल्या. "आज काय काम आहे?"

दुसरं काम नव्हतं. ह्यांना आदल्या दिवशीचं काही आठवतही नव्हतं. मी म्हटलं, जरा चहा घेऊन या शेजारून. हे चहाला गेले तेवढ्यात मी कात्रीने दोरा कापला, फर्मे सुटे केले, आणि ते आल्यावर पुढे ठेवले. ह्यांनी तोललं, वास घेतला. "कुणी केली होती ही बांधणी?"

तेव्हापासून असंच चाललं आहे. दिवसभर हे शिवतात. संध्याकाळी काम संपलं की औषधवाल्याच्या बाकावर चहा प्यायला जातात, तेव्हा मी उसवते. एकदा कोरी पानं देऊन पाहिली, तर बाजूला सारली. "कोऱ्या कागदाला कोण शिवतं? मी काय वह्या करायला बसलोय?" त्यांना छापलेलंच लागतं. गल्लीतल्या वाचनालयातून मागून आणलं असतं, पण ते धड असतं, आणि धड पुस्तक हे उसवू देत नाहीत. त्यांनी शिवलेलं तेवढं मी उसवते, त्यांच्या नकळत.

ही लबाडी आहे, मला कळतं. पण शिवताना त्यांना बघितलंत तर तुम्हीही कात्री हातात घ्याल.

आता खरी गोष्ट लिहिते, जिच्यासाठी हे पत्र. हे विसरतात, पण कागद विसरत नाही. घडीवरची भोकं रोज थोडी मोठी होत गेली. सोमवारी ह्यांनी एक फर्मा उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग बोटाने भोकं मोजल्यासारखं केलं. म्हणाले, "हा टाका माझा आहे."

मी म्हटलं, "कसं शक्य आहे?"

"हे अंतर माझ्या अंगठ्याचं आहे. मी शिवलेलं कुणीतरी उसवतंय."

त्यांचा आधी औषधवाल्यावर संशय गेला. जाऊन त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "फोरमन, माझ्याकडून गोळ्यांचं पाकीट नीट उघडत नाही, तुमचं पुस्तक काय उसवणार?" हे हसले नाहीत. परत आले, माझ्याजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू तेवढी लक्ष ठेव. बाहेरच्या कुणाचा भरवसा नाही. तू घरची आहेस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तुमची भावजय


१८ एप्रिल

वन्सं,

सापडले मी.

मंगळवारी हे चहाला गेले आणि औषधवाल्याकडे गर्दी होती म्हणून तसेच परत आले. दार उघडलेलं मला ऐकू आलं नाही. माझ्या मांडीवर पुस्तक, हातात कात्री, दोऱ्याचे तुकडे पदरावर. मान वर केली तर हे दारात उभे.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, जसं आपण रस्त्यात एखाद्याकडे पाहतो, ओळखीचा आहे की नाही म्हणून. आणि मग फार सभ्यपणे म्हणाले, "कोण हो तुम्ही, बाई?"

मी पदरावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागले.

ते जवळ आले. माझ्या हातातली कात्री काढून घेतली, टेबलावर ठेवली. फर्मे उचलून बघितले. "रोज तुम्हीच उसवता?" मी मान हलवली. "का?" मग त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं. चेहरा निवळला. म्हणाले, "शिकायचंय का तुम्हाला? असं चोरून शिकू नये. उसवून कळतं ते फक्त अर्धं. विचारायचं. मी सांगितलं नसतं का?"

वन्सं, "अहो, मी तुमची बायको" असं मला त्यांना म्हणता आलं असतं. जीभ कुणी धरली नव्हती. पण त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, चोर सापडला आणि तो चोर नव्हता म्हणून. माझ्या तोंडून गेलं, "हो, शिकायचंय."

"मग बसा. आणि पदर खोचा, खळ लागेल."

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. डॉक्टरांना विचारलं, माझ्या त्या कात्रीने असं झालं का. ते म्हणाले, आज ना उद्या हे होणारच होतं. डॉक्टर चांगले आहेत, असंच म्हणणार.

शिकवतात मात्र कसे! लग्नानंतर इतकी वर्षं मी ह्यांना कधी कामावर पाहिलंच नव्हतं. डबा दिला की माझं जग इकडे, त्यांचं तिकडे. कपड्यांना सरसाचा वास यायचा आणि खिशात चुकलेल्या छपाईचे कागद असायचे, त्या कागदांच्या मागे मी सामानाची यादी लिहायची, एवढीच प्रेसची मला ओळख. आता कळतं, तिकडे कसा माणूस होता. "दोरा ओढा, पण गळा आवळू नका." "कण्याला खळ म्हणजे चेहऱ्याला पावडर, दिसली की वाईट." परवा माझा टाका तिरका गेला तर म्हणाले, "बाई, आधी कुठे नोकरीला होतात? तंबूच्या कारखान्यात?" मी हसले तर तेही हसले. कित्येक महिन्यांनी.

शाळेत शिवणाच्या सिस्टर आमचं काम उलटं करून मागची बाजू बघायच्या. पुढून सगळ्याच मुली चांगल्या असतात, म्हणायच्या. हेही तेच करतात. मला पुन्हा अकरा वर्षांची झाल्यासारखं वाटतं, तीच भीती आणि शाबासकीची तीच हाव.

आणि आता खरंच काम आलं. पलीकडच्या शाळेच्या ग्रंथपालबाई काचेतून ह्यांना शिवताना रोज बघत होत्या. (होय, त्याच काचेतून.) एक दिवस पोतं भरून पुस्तकं घेऊन आल्या, मुलांनी खिळखिळी केलेली. माझा आनंद काय सांगू. कात्री मी खणात खाली, अगदी मागे टाकून दिली.

पहिली खेप ह्यांनीच केली. टाका बघत राहावा असा. पण हात शाबूत आहेत, क्रम गेला आहे. प्राण्यांच्या पुस्तकात हत्तीचं डोकं होतं आणि पान उलटलं की देवमाशाची शेपटी. ग्रंथपालबाई ते परत घेऊन आल्या, बिचाऱ्या मलाच समजावत होत्या. "रागावू नका, मुलांना तर हेच आवडलंय. सगळे तेच मागतात. पण मुख्याध्यापिका..." मी ते हे नसताना नीट केलं. आता फर्मे मी लावते, शिवतेही बहुतेक मीच. हे शेजारी बसून तपासतात. त्यांना वाटतं बढती मिळाली.

मला एक सांगायचं होतं, पण तुम्ही हसाल. सकाळी गजर व्हायच्या आधी मला जाग येते. शटर वर करताना अंगात काहीतरी येतं. शाळेत मी इतकी वर्षं शिकवलं, मुलं येत गेली, जात गेली. हातात धरता येईल असं काही कधी उरलं नाही. आता संध्याकाळी टेबलावर रचलेल्या पुस्तकांच्या पाठी दिसतात.

घरी सगळं ठीक.

तुमची भावजय


९ जून

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर थोडं हललंय, प्रकृती सांभाळा. तीनच ओळी. "दुकान त्याच्यासाठी काढलंस की स्वतःसाठी? खरं काय ते लिही. आणि तो रात्री जेवतो का?"

ते कार्ड मी पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन हिंडते आहे.

पहिल्याचं उत्तर. काढलं त्यांच्यासाठी. शपथेवर सांगते. आता कुणासाठी आहे ते मला सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात ह्यांना ताप होता. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत होते आणि मनात येत होतं, नकाशांच्या पुस्तकाचं कापड कापायचं राहिलं, खळ वाळून जाईल. स्वतःची लाज वाटली. पण मन तिथेच. ह्यांना जागा मिळावी म्हणून जे मांडलं, त्यात आता ह्यांना करायला काही उरलं नाही, आणि मला सगळं करायला मिळालं. ते एका फर्म्याला अर्धा दिवस लावतात, मी समोरून घेते, "किती छान" म्हणते, आणि आतल्या बाजूला जाऊन पुन्हा करते. म्हणजे मी अजूनही उसवतेच आहे. वन्सं, हे थांबवायचं कसं, मला कळत नाही. दुकान बंद केलं तर ते पुन्हा फरशीवाल्याच्या पायऱ्यांवर. चालू ठेवलं तर असं.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. तुम्ही त्यांना कडेवर घेऊन वाढवलंत, तुम्हाला न सांगता कळतं.

नाही, जेवत नाहीत.

दुकानात मी त्यांची शिकाऊ बाई आहे, तिथे सगळं सुरळीत असतं. घरी मी कोण? घरी मला जागाच नाही. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरले की ते दारातच थांबतात आणि म्हणतात, "बाई, दिवसभर काम केलंत, आता आपल्या घरी जा. माझी ताई येईलच एवढ्यात." परक्या बाईबरोबर एका घरात राहायचं म्हणजे त्यांना इतका संकोच होतो. बूट काढत नाहीत. जिन्यात जाऊन बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "माझी ताई दिसली का?"

पान वाढलं तर हात लावत नाहीत. "ताईला विचारल्याशिवाय नको." मग मी एक युक्ती काढली. मागच्या दाराने बाहेर जायचं, पुढून बेल वाजवायची, डबा हातात द्यायचा आणि म्हणायचं, "ताईंनी पाठवलाय." महिनाभर त्यावर जेवले. हल्ली डबा हातात घेऊन विचारतात, "ती स्वतः का नाही आली? रागावलीय का माझ्यावर?"

ह्याचं उत्तर मी काय देऊ, ते तुम्हीच सांगा.

मागच्या रविवारी त्यांनी खिडकी उघडून खाली हाका मारल्या. "अहो, घरात कुणी बाई शिरलीय!" शेजारी धावत आले. मी स्वयंपाकघरात डाव हातात घेऊन उभी. खालच्या मजल्यावरच्या काकू मला बघून हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. त्यांनी ह्यांना पाणी दिलं. त्यांच्या हातचं प्यायले.

तुम्ही म्हणाल, मग पाठव माझ्याकडे. दुकान काढायच्या आधीही तेच म्हणत होतात. नाही पाठवणार. तुमच्याकडे सकाळ झाली की ते डबा मागतील. तुमच्या गल्लीत दुकान कुठून आणाल? तिथेही कुठल्यातरी पायऱ्यांवर जाऊन उभे राहतील, आणि तिथे त्यांना फोरमन म्हणणारं कुणी नाही.

माझ्यावर रागवा, पण हे बरोबर आहे की नाही?

तुमची भावजय


१७ जून

वन्सं,

मागच्या पत्रावर उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, कारण थांबले तर माझं मन बदलेल.

ह्यांचं घड्याळ मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जातं. दुपारी शिकंज्यावर डोकं टेकून झोपतात. दिवसभर दुकानात खाऊन किती खाणार, माणसाला रात्रीचं जेवण लागतं, झोप लागते. रात्रभर जिन्यात बसलेला माणूस किती दिवस टिकेल, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

काल नकाशांचं पुस्तक पुरं झालं. कठीण होतं, घड्यांत घड्या. ह्यांनी ते घेतलं, उलटून मागची बाजू पाहिली, कणा बोटाने दाबला, पानं अंगठ्याखालून सोडली. मग म्हणाले, "बसा, बाई."

बसले.

"हात बसलाय तुमचा. वरच्यांना मी सांगतो. उद्यापासून तुम्ही कायम."

मी म्हटलं, "उपकार झाले."

"उपकार कसले? काम चांगलं आहे." मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"नवरा आहे."

"काय करतात?"

"बाइंडर आहेत."

त्यांनी भुवया उंचावल्या. "अस्सं? मग त्यांनी नाही शिकवलं?"

"इतकी वर्षं नाही शिकवलं. आता शिकवतात."

"हात कसा आहे?"

मी म्हटलं, "त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही."

त्यांना बरं वाटलं, का ते त्यांना कळलं नसेल. खणातून घड्याळ काढलं, बांधलं, वेळ पाहिली. "मग आज लवकर जा घरी. वाट बघत असतील ते."

वन्सं, मी उठले. पर्स घेतली आणि खरंच रस्त्यावर आले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, कारण ते काचेतून बघत होते. कोपऱ्यावर उभी राहिले. जाणार कुठे? मग औषधवाल्याने त्यांना सोबत करून घरी नेलं, आणि मी मागून, पंधरा पावलं ठेवून, त्यांना दिसणार नाही अशी. घरी त्यांनी मला दारातून आत घेतलं नाही. "बाई, तुम्हाला लवकर सोडलं होतं ना?" ते रागावले नव्हते. त्यांना माझी काळजी वाटत होती.

तेव्हा आता तुम्ही या.

त्यांना न्यायला नको, राहायला या. घर तुमचंच आहे असं धरा. संध्याकाळी दार तुम्ही उघडा. ते बूट काढतील, हात धुतील, पानावर बसतील. तुम्ही जे वाढाल ते खातील. तुम्ही उशीर केलात म्हणून थोडे फुगतील, तेवढं समजून घ्या. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला त्यांना झोपवा. उशी एकच, पातळ. दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे. ती बाजू मी झाडून, चादर घालून ठेवली आहे.

माझं विचाराल. औषधवाल्याच्या दुकानावर त्याची माल ठेवायची खोली आहे, तो मला देतोय. "मावशी, खोकल्याच्या बाटल्यांचा वास येतो," म्हणाला. मी म्हटलं, आयुष्यभर सरसाच्या वासात झोपले, चालेल. माझे कपडे मी हलवले आहेत. तुमच्या भावजयीची एकही वस्तू समोर दिसणार नाही, म्हणजे ही कुणाची, असं त्यांनी तुम्हाला विचारायला नको. लग्नाचा फोटो मी घेऊन जाते आहे, रागावू नका. भिंतीवर तेवढ्या जागी फिका चौकोन राहिला आहे, त्यावर काही लावता आलं तर लावा.

तुम्हाला हे पटणार नाही. तुम्ही म्हणाल, नवरा देऊन दुकान घेतलं हिने. तसं दिसतं. मीही बरेचदा तसं म्हणून पाहते. पण घरात त्यांना माझी भीती वाटते, आणि दुकानात ते मला शेजारी बसवतात. मला त्यांच्या शेजारी बसायचं आहे. दुसरं कुठे बसता येत नाही आता. हे दुकान कशासाठी, ते तुम्ही विचारलं होतंत. एवढ्यासाठी.

तिकीट काढलंत की औषधवाल्याला फोन करा, तो गाडीवर घ्यायला येईल. मी येणार नाही. तुम्ही दोघं दारात भेटाल तेव्हा मी तिथे नसलेलीच बरी.

सकाळी त्यांना साडेआठच्या आत खाली पाठवा, डबा देऊन. दोन जणांचा भरा; दुपारी मला त्यातला घास देतात, बाईने डबा आणला नसेल म्हणून. मी त्याच्या आधीच शटर उघडून उभी असेन. नव्या माणसाने उशीर केलेला त्यांना खपत नाही.

तुमची भावजय